पायाळूचा तिसरा रविवार

१८ सप्टेंबर २००४, शनिवार
सकाळची शाळा. सुटल्यावर जीपने ब्रह्मपुरी. नसीमभाऊंचं दुकान अर्धं घड्याळदुरुस्तीचं, अर्ध्यात दोन कॉम्प्युटर. इंटरनेटवर इंग्रजीत ‘कंबरदुखी’ टाकलं. एक पान म्हणते झोपून राहा. दुसरं म्हणते झोपू नका. तिसरं पट्टा विकते. तिन्हीवर हसरे डॉक्टर.
नसीमभाऊ म्हणाले, "बाई, जो काही विकून राह्यला, त्याले आधी सोडून द्या."
सोडलं. मग उरलंच काय? मला जे पाहिजे ते कुठंच नाही. पायाळू बाईनं पाय लावला तर मणका मोडतो का?

१९ सप्टें., रविवार
लिहूनच टाकते. जन्मताना माझे पाय आधी आले, म्हणून मी पायाळू. गावात कोणाची कंबर धरली की माझ्या उंबरठ्याशी पालथं झोपायचं, मी उजवा पाय तीनदा कंबरेला लावायचा, असे तीन रविवार. लहान होते तेव्हापासून. शाळेत विज्ञान शिकवते आणि घरी हे. नाही म्हणवत नाही, दुसरं काय.
शेजारची पंचफुला ऑगस्टात आली, धानाचा रोवणा संपता संपता. दोन रविवार आली. "जरा जोरानं दाबा बाई." दाबलं. आता तिचे पाय उचलत नाहीत. नागपूरच्या दवाखान्यात आहे.

२५ सप्टें., शनि.
पं.चा नवरा देवराव नागपूरहून आला. मणक्याचा टीबी निघाला. डॉक्टर म्हणे, बरेच महिने आतल्या आत असंल. देवराव उलट मलाच समजावत होता, "तुमच्या पायानं काय होते बाई. बिमारी होती ते." भला माणूस. त्याच्याकडे बघवलं नाही.
दुपारी ब्र.पुरी. लाइट नाही. दोन तास बसून परत.

२ ऑक्टो.
शाळेतली गांधी जयंती उरकून पुन्हा गेले. आज पान सापडलं. लिहिणाऱ्यांची नावं आहेत, तारीख आहे, विकायला काही नाही. डिक्शनरी घेऊन ओळ ओळ लावली. बहुतेकांची कंबर आपोआप बरी होते. पण संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, पायाला मुंग्या, मणक्यावर उंचवटा, यातलं काही असलं तर लगेच दवाखाना. असा मणका दाबू नये.
उंचवटा.
मला लागला होता तो. तळव्याला. दोन्ही रविवारी. बोराच्या आठोळीएवढा. वाटलं, बाई वाळली आहे, हाड लागत असेल. आणि वर दाबलं.
नसीमभाऊंनी पान छापून दिलं. "बाई, पानी पिता का?" एवढंच विचारलं.

७ ऑक्टो.
वर्गात उभी असताना तळव्याखाली लागते. खडा असेल म्हणून चप्पल झटकली. खडा नव्हता. पोरी बघत होत्या.

१० ऑक्टो., रवि.
वरच्या टोलीच्या वस्तीतली सुमन आली, कंबर धरून. ताप येते का, बारीक झालीस का, मुंग्या... विचारत बसले. "तुमी कवा डॉक्टर झाल्या बाई? पाय लावा न." नाही लावला. दवाखान्यात जा म्हटलं. जाताना बडबडली, "मास्तरीणबाईले घमेंड आली." येऊ दे.
पं.ला हे सगळं विचारायला दोन मिनिटं लागली असती.

३० ऑक्टो., शनि.
पं.ला काल घरी आणलं. गोळ्या खूप महिने. पाय येतील की नाही, डॉक्टर आत्ता सांगत नाहीत.
सांगायचंच म्हणून गेले. कागद पिशवीत होता. काटकुळी झाली आहे. माझा हात धरून म्हणाली, "चुकी माहीच होये बाई. तिसऱ्या रविवारी मी नाई आली. धान निंदाले गेली. पुरे तीन झाले असते तं आज चालली असती." सासू मान हलवत होती. देवराव बाहेर बघत होता.
मी म्हटलं, "पंचफुला, मले तवा पायाले..." पिशवीतला कागद चाचपला.
"मले मालूम आहे," ती म्हणाली. "तुमच्या पायाले गुण आहे. आता तिसरा लावून द्या."
उठले. उद्या येते म्हटलं.
"हो," म्हणाली, "उद्याच या. रविवारच लागते."