नुसता आवाज

गारखेडा, संभाजीनगर

प्रिय विशाखाताई,

सप्रेम जय भीम. फोनवर बोलले नाय, कारण सासूबाई शेजारीच बसतात आन् मंग तोंड सुरू होतं. म्हणून लिहिते. माहं लिहिणं कसं हाय तुला ठाऊकच, सांभाळून वाच.

सुयशला पुन्हा तसं झालं. हात एकदम वर फेकतो, मान खाली, डोळे थिजतात. सासूबाई म्हणतात लेकरू दचकतंय, दृष्ट काढ. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, झटके हायेत का दचकणं, ते डोळ्यानं बघितल्याबिगर औषध लिहिणार नाय, व्हिडिओ आणा. आकाशच्या नव्या फोनवर काढला. माह्या शहाण्या नवऱ्यानं तो पेनड्राइव्हात टाकला आन् फोनमधला पुसला, मेमरी भरली म्हणे.

ताई, डॉक्टरांच्या कम्प्युटरवर पडदा काळा आन् नुसता आवाज. सगळ्या खोलीत मीच ओरडतेय, सुयश, बघ ना माह्याकडं. लेकरू कुठंच दिसंना.

कम्प्युटरवाल्या मृण्मयी मॅडमनं समजावलं. व्हिडिओची घडी घालून तो लहान करायची एक रीत असती. त्या रीतीवर मोठाल्या कंपन्यांचा हक्क, पेटंट म्हणतात त्याला. घडी उलगडायलाबी त्यांची परवानगी लागती, पैसे भरून. दवाखान्यातल्या कम्प्युटरातलं सगळं लोकांनी मिळून बनवलेलं, फुकट वाटलेलं. ते कुठून भरणार? म्हणून त्यांनी उलगडायची सोय तेवढी वगळली. मी म्हणलं, मॅडम, लेकरू माहं, व्हिडिओ मी काढला, मंग मधी हे मालक कोण? त्या म्हणाल्या, बाई, तुम्हीच वकील व्हायला पाहिजे होतं. ती सोय मागाहून टाकता येती म्हणे, पण टाकणारे सर वैजापूरला गेलेत, कधी येतील नक्की नाय, आन् डॉक्टर आता पुढच्या गुरुवारीच येणार.

तवर पुन्हा झालं तर फोनातली सेटिंग बदलून जुन्या रीतीनं काढा, म्हणाल्या. पुन्हा झालं तर. इथं मी श्वास रोखून बसते होऊ नये म्हणून, आन् ह्या दवाखान्यावाल्यांना पुन्हा पाहिजे.

तू ये, ताई. आकाश कंपनीत, फोन त्याच्यासंगं, माह्याकडं बटणाचा. दौलताबादहून सकाळच्या गाडीनं निघ, तुझा फोन आण. मागच्या बारीला लेकरू सतरंजीवर एकटंच वाकत होतं आन् मी त्याला हात लावला नाय, फोन हलंल म्हणून. आता फोन तू धर. मला त्याला धरू दे.

तुझीच,
संध्या