पट्ट्यांचं खोकं

प्रिय दादा,

तुझ्या उंदरांच्या डॉक्टरणीचं पत्र आहे. महिनाभर लिहिलं नाही म्हणून फुगून बसू नकोस, गडबडीत होते. व्यसनमुक्ती केंद्राच्या सुतारकामाच्या कारखान्यात तू पुन्हा रंधा हातात घेतलास असं समुपदेशकबाई म्हणाल्या. जीव भांड्यात पडला बघ.

मी दिवसभर काय करते ते तुला ठाऊक आहे. उंदराच्या मेंदूतल्या पेशीला केसाहून बारीक काचेची नळी लावायची आणि वीज मोजायची. पेशीच्या भिंतीत चिमुकली दारं असतात, त्यांतली काही उघडली की पेशी शांत होते. मॉर्फिन दिलेल्या उंदरांत नेमकी तीच दारं कमी उघडतात, मग पेशी जरा कशाने चवताळते. शेजारच्या पेशींशी तिचे काही सांधेही घट्ट होतात, तू सरस लावून शिकंज्यात आवळतोस तसे. औषध थांबलं तरी ते लगेच सुटत नाहीत.

एका उंदराला पट्ट्यापट्ट्यांच्या खोक्यात मॉर्फिन द्यायचो, पांढऱ्या खोक्यात नुसतं मिठाचं पाणी. मग तीन आठवडे काहीच दिलं नाही. नंतर दोन्ही खोक्यांमधलं दार उघडलं, तर पठ्ठ्या तडक पट्ट्यांकडे गेला आणि कोपऱ्यात बसून राहिला. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. मला गोळ्या घेऊन तू बसायचास ती खिडकीजवळची जागा आठवली आणि तिथेच रडू कोसळलं.

शिडीवरून पडलास, दुखण्यासाठी मॉर्फिनच्याच जातीच्या गोळ्या मिळाल्या, खांदा जुळला तरी त्या सुटेनात. दोनदा केंद्रातून बरा होऊन आलास आणि दोन्हीदा आठवड्यात पुन्हा घेतल्यास. मी तुला मनाचा कच्चा म्हटलं, दगाबाज म्हटलं. आणि मी शहाणी काय करत होते? तुला परकं वाटू नये म्हणून खोली जशीच्या तशी ठेवत होते! तोच पलंग, तोच पडदा, गोळ्यांचा तो खणसुद्धा पुसूनबिसून. चुकलं रे माझं. गोळीला ‘नाही’ तुलाच म्हणायचंय, त्यात सूट नाही. पण त्या खोक्यात मी तुला पुन्हा सोडणार नाही.

म्हणून हे पत्र. आईबाबांचं ते भाड्याचं घर मी सोडलं. नवा पत्ता पाकिटामागे आहे. शनिवारी सुटलास की पाय सवयीने जुन्या रस्त्याला वळतील, वळू देऊ नकोस. मी केंद्राच्या फाटकाशीच उभी असेन. इथल्या स्वयंपाकघरातल्या कपाटाची दोन्ही दारं लागत नाहीत. दुसऱ्या कुणाला हात लावू दिलेला नाही. तुझी हत्यारं ओट्यावर काढून ठेवली आहेत.

तुझीच,
उंदरांची डॉक्टरीण