समोरून आलेलं गाणं

प्रिय ठमे,

फोनवर बोलायला गेले की तू मला मध्येच तोडतेस आणि मी मुळूमुळू रडत बसते, म्हणून हे पत्र. सोमवारी ऑपरेशन. तुझी एक किडनी काढून माझ्या पोटात बसवणार, आणि तू मात्र काल मला विचारत होतीस, दवाखान्यात घालायला तुला कुठल्या रंगाचा गाऊन आणू म्हणून. तुझं लहानपणापासून असंच. ढोपर फुटलं तरी आधी फ्रॉक फाटला का ते बघायचीस.

आज डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या 'तिसरा मजला'ची आठवण झाली. का झाली ते पुढे सांगते. आपला लाडका बँड! चार पोरं, त्यातला गाणारा नाकात गायचा, आई त्याला 'सर्दी' म्हणायची. दोन कॅसेटी काढून कुठे गडप झाले कोण जाणे. अख्ख्या गल्लीत त्यांच्या चाहत्या आपण दोघीच. तरी त्यांचं ते 'उलटी छत्री' गाणं तुझा पाठलाग करत राहिलं. बेकरीतली नोकरी धरावी की नाही म्हणून तू दारात घुटमळत होतीस, तर आत भट्टीजवळच्या रेडिओवर तेच. दंतवैद्याचं स्थळ आलं तेव्हा तू नकारच देणार होतीस, जेवताना हा माणूस माझे दात मोजत बसेल म्हणायचीस. आपण त्याच्या दवाखान्यात गेलो तर स्वारी हात धुताना तेच गुणगुणत होती. लेकीच्या वेळी ऐन कळांमध्ये खिडकीखालच्या कुठल्याशा गाडीतून तेच आलं आणि तू एकदम शांत झालीस. बाबा म्हणायचे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, झालं. त्यावर तुझं ठरलेलं उत्तर, मग दर वेळी हाच कावळा कसा बसतो? मी तुला हसायचे खरी, पण माझ्याही अंगावर काटा यायचा. आणि नियम तुझाच, अगदी कडक. आपण लावलेलं गाणं धरायचं नाही, ते समोरून आलं पाहिजे.

माझं हे दुखणं निघाल्यापासून तू 'बघते गं ताई' एवढंच म्हणत होतीस. म्हणणारच. दिवसभर पिठाची पोती उचलायची, पदरी एवढीशी लेक, आणि सुईला घाबरणारी तू. मला सगळं कळत होतं, तरी मनातल्या मनात मी तुझ्यावर चिडायचे. एकदा तुझा नवरा मला जिन्यात गाठून म्हणाला, ताई, हिला झोप लागत नाही हो. मी फाडकन म्हणाले, मलाही लागत नाही. त्याने माझी पिशवी वर आणून ठेवली. बिचाऱ्याने तुला हे सांगितलंही नसेल. जिभेला हाड नसतं, आणि आजारी माणसाच्या जिभेला तर लाजही नसते.

मग तो डॉक्टरीणबाईंकडचा दिवस. बाहेर बाकावर बसलो होतो, तू रुमालाची घडी घालत आणि मोडत होतीस. तेवढ्यात वरच्या स्पीकरवर 'सर्दी' गायला लागला. तू माझा हात असा घट्ट धरलास, म्हणालीस, झालं ताई, आता विचार करायचा नाही. आत जाऊन होकार देऊन आलीस. त्या दिवसापासून सगळे म्हणतात तुझा चेहरा उजळलाय, आणि मला तुझ्याकडे बघवत नाही. आज डायलिसिसला शेजारच्या आजोबांनी रेडिओ लावला आणि त्यावर 'उलटी छत्री' लागलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या वाट्याला आलं. एरवी मी तिथूनच तुला फोन केला असता. आज तोंड भिंतीकडे करून पडून राहिले. सिस्टरला वाटलं, बीपी उतरलं.

ठमे, त्या दिवशी मी पाणी प्यायला म्हणून उठले ना, ती काउंटरवरच्या मुलीकडे गेले होते. माझा मोबाइल तिच्या हातात दिला आणि म्हणाले, मी जागेवर जाऊन बसले की हे गाणं लाव, आमच्या दोघींचं आवडतं आहे. तिला काय ठाऊक. मरायची भीती वाटली गं, दुसरं काही नाही. तो होकार तू गाण्याला दिलास आणि गाणं मी लावलं होतं, म्हणून तो तुला परत करते. तू एकटीच डॉक्टरीणबाईंना फोन कर. पहिल्या भेटीत त्यांनी आपल्या दोघींना सांगितलं होतं, देणाऱ्याने कधीही माघार घ्यावी, घेणाऱ्याला कारण कळत नाही. शेवटच्या तपासणीत काहीतरी निघालं, जमणार नाही, एवढंच त्या सांगतात. त्यांनी मला तसं सांगितलं तर मी ते खरं मानीन, आणि नेहमीसारखी रविवारी तुझ्याकडे जेवायला येईन.

किडनी मिळो न मिळो, तुझीच
ताई