घाटातल्या डोहापाशी

आबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि मी आज परत त्याच डोहापाशी येऊन बसले आहे. तोरणमाळच्या घाटात, अर्ध्या वाटेवर, जिथे कातळातून झिरपणारं पाणी साचतं तिथे. माझ्या शाळेतल्या सातवीच्या, फायनलच्या वर्गातल्या बारा मुली, शाळेचा शिपाई आणि पाड्यावरचा पावरा वाटाड्या वर तळ्याकडे गेले. मी त्यांना सांगितलं, माझे पाय दुखतात, तुम्ही जाऊन या. मुली हिरमुसल्या, कारण या तळ्याचं वेड त्यांना मीच लावलं. हिवाळ्यात तिथे बदामी रंगाचे चक्रवाक उतरतात, नेहमी जोडीने. कमळाच्या पानांवरून लांब बोटांची पाखरं चालत जातात आणि पान बुडत नाही. जवळच गोरखनाथाचं देऊळ आहे, शिवरात्रीला डोंगरातले सगळे पाडे तिथे लोटतात. जुन्या किल्ल्याच्या तटाचे दगड झाडीत कसे शोधायचे, हे सगळं मी त्यांना पाहिल्यासारखं सांगत आले. शब्द तुमचे, हातवारेसुद्धा तुमचे. निघताना एक मुलगी म्हणाली, बाई, तुम्ही नसलात तर आम्हाला दाखवणार कोण. त्या गेल्यापासून मी तीनदा उठले, पदर खोचला, चार पावलं चढले आणि परत येऊन बसले. जीव नुसता तळमळतो आहे. हजेरीची वही मांडीवर होती, तिच्याच मागच्या पानांवर शिसपेनने हे लिहिते आहे.

तुम्ही जंगलखात्यात नाकेदार, तोरणमाळच्या नाक्यावर. धानोऱ्याला घरी यायचात वर्षातून दोनदा, आखाजीला आणि पोळ्याला. येताना चारोळी, कमळाच्या बिया, कधी मधाचं पोळं. चुलीपाशी आई भाकरी थापत असायची आणि तुम्ही पाटावर बसून मला पाखरांचे आवाज काढून दाखवायचात. डोळे मिटायला लावायचात. कुठलं पाखरू, सांग. एकदा मी ऐकलंच नाही, आईच्या बांगड्यांकडे लक्ष होतं, तरी ठोकून दिलं की चक्रवाक. तुम्ही कधी नव्हे ते रागावलात. म्हणालात, "जे ऐकं नही, ते ऐकं असं सांगू नको. जंगलमा लबाडी चालत नही." मी दहा वर्षांची होते. त्याच वर्षी मार्गशीर्षात आईला ताप भरला. निरोप डोंगरात पोचायला दोन दिवस लागले, तुम्हाला उतरायला आणखी दोन. तुम्ही आलात तेव्हा आई जाऊन दुसरा दिवस होता. तुम्ही उंबऱ्यात उभे राहिलात आणि पटक्यातून एक बदामी पीस काढून माझ्या हातावर ठेवलंत. म्हणालात, पाखरं उतरली आहेत यंदा, पुष्कळ आहेत. मी ते पीस चुलीत टाकलं. जळताना त्याचा वास सुटला होता. तुम्ही पाहिलंत, आणि पंधरा दिवसांनी परत त्याच तळ्याकडे गेलात.

पुढे माझं लग्न झालं, नवरा गेला, मी परत आले, शिकले, मास्तरीण झाले. तुम्ही नोकरीतून सुटून घरी आलात तोवर मोतीबिंदूने तुमच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा आणला होता. ओसरीवर बसून तुम्ही एकच मागणं मागायचात. एकदा वर नेऊन सोड, दिसलं नाही तरी ऐकू येईल. दोन हिवाळे मी टाळलं. तिसऱ्या हिवाळ्यात निघालो. तापी उतरून, शहाद्यावरून, पायथ्यापर्यंत बैलगाडी. वाटाड्या घेऊ म्हटलं तर तुम्ही हसलात. "मन्हा पाय वाट जानतस," म्हणालात. खरंच जाणत होते. माझ्या खांद्यावर हात होता, पण वळण यायच्या आधी तुम्हीच वळायचात आणि इथे डाव्या हाताला मोहाचं झाड आहे म्हणायचात, की ते असायचंच. आणि आबा, जसजसे आपण चढत होतो तसतसा तुमचा चेहरा उजळत होता. दम लागलेला, ओठ कोरडे, तरी लग्नाला निघाल्यासारखा चेहरा. तो चेहरा मी घरात कधी पाहिला नव्हता. आईनेही पाहिला नसेल. या डोहापाशी आलो तेव्हा पाण्याचा थेंब थेंब आवाज येत होता. मी तुमचा हात धरून तुम्हाला या दगडावर बसवलं, ज्यावर मी आत्ता बसले आहे, आणि म्हणाले, "आबा, उनं तळं."

तुम्ही मान किंचित वर केलीत. बराच वेळ ऐकत राहिलात. मग विचारलंत, "पाखरं काबर बोलतस नही?" मी म्हणाले, दुपार शे ना, आबा. तुम्ही वाकून ओंजळीत पाणी घेतलंत, प्यायलात, तोंडावरून ओला हात फिरवलात. मोठ्या पाण्यावरून वारा कसा येतो ते ज्याला माहीत, वळणं ज्याच्या पायांना पाठ, त्या माणसाला मी सांगत होते की तळं आलं. एवढं खुळं खोटं कुणी बोललं नसेल. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तुम्हाला तेव्हाच कळलं. तुम्ही हात पुसलात आणि हळूच म्हणालात, "तुन्ही मायले मी तळावर कधी लई गऊ नही." मला वाटलं, आता मला विचारतील, आता रागावतील. मी वाटच पाहत होते तुमच्या रागाची. तुम्ही विचारलंत ते इतकंच, "तुन्हा पाय दुखी ऱ्हायनात का, माय?" मी हो म्हणाले. "मंग चाल, घर जाऊत," तुम्ही म्हणालात, आणि उठलात. उतरताना तुमचा हात खांद्यावर जड लागत होता.

गावात सगळ्यांनी विचारलं. नाकेदार, तळं भेटलं का, पाखरं बोलली का. तुम्ही प्रत्येकाला एकच सांगितलंत, "मन्ही आंडेर माले डोंगरवर लई गयी व्हती." लेकीने डोंगरावर नेलं, एवढंच; तळ्याचं नाव नाही, पाखरांचं नाव नाही. जे ऐकलं नव्हतं ते ऐकलं असं तुम्ही म्हणाला नाहीत, आणि मला उघडंही पाडलं नाहीत. लोक म्हणायचे, पोरीने पांग फेडले. मी पाण्याचा हंडा उचलून आत जायची. पुढच्या हिवाळ्यात नेईन असं मनाशी घोकत होते, चांगला वाटाड्या करून, डोली करून. होळीच्या आधीच तुम्ही गेलात.

आणि आज सगळं सोपं आहे. ऊन कोवळं आहे, वाट मळलेली आहे, वर तळं आहे, पाखरं आहेत. एका तासाची चढण. पण वर गेले तर ते तळं मला दिसेल आणि चक्रवाक मला ऐकू येतील, आणि ज्याच्या कानांनी ते ऐकायला हवे होते त्याला मी इथे बसवून ठेवलं. मी कुठल्या तोंडाने वर जाऊ, आबा? तुम्ही मला त्या दिवशी तरी रागावायला हवं होतं. मी कुणाची क्षमा मागू आता, या दगडाची?

मुलींचे आवाज येऊ लागले आहेत. वरच्या वळणावर असतील. हसताहेत, म्हणजे पाखरं दिसली असतील. पान फाडून पाण्यात सोडण्याचे खेळ मला जमत नाहीत, वही तशीच पिशवीत जाईल. त्या आल्या की पहिल्यांदा विचारतील, बाई, पाय कसे आहेत. मी तुम्हाला त्या दिवशी बोलले नाही ते एवढंच आहे. तुमच्या त्या तळ्याने आईचा आणि माझा वाटा खाल्ला होता, आणि मला ते तुम्हाला द्यायचं नव्हतं. माझे पाय त्या दिवशीही दुखत नव्हते, आबा. आजही दुखत नाहीत.