देव्हाऱ्यातला नवाहोंचा दगड

३० सप्टें., त्सुकुबा
लॅबमधून तो दगड घरी आणला. काळा, मुठीएवढा. बेगेबाई रविवारी आपल्याकडे जेवायला येणार, तेव्हा हाती द्यायचा. बाई नवाहो, म्हणजे अमेरिकेतल्या एका आदिवासी जमातीच्या; टोकियोत परिषदेला आल्यात. लॅबच्या जुन्या सरांनी नवाहोंच्या टेलर पर्वतावरून हा न विचारता उचललेला. मी वर्षभर ईमेलवर मागे लागले, तेव्हा कुठे लॅबचा परत द्यायला होकार. बाईंची अट एकच: धुऊ नका, तापवू नका, नेला तसा द्या.
मोरी-सान (बॉस): एका दगडासाठी एवढं? आणि माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही तेही हेच साहेब ठरवणार.

१ ऑक्टो.
आई (सासूबाई) पुण्याहून आल्यात, विचारत होत्या कसला दगड. सांगितलं. तो पर्वत म्हणजे ज्वालामुखी, लाखो वर्षांपूर्वी थंडावलेला. नवाहोंच्या चार दिशांच्या चार डोंगरांतला दक्षिणेचा. त्यांच्या कथेत तो दगडी सुरी आरपार खुपसून जमिनीला पक्का केलेला. शेजारचा काळा लाव्हा म्हणजे मारलेल्या राक्षसाचं वाळलेलं रक्त.
आई: "आणि तू त्याला ड्रॉवरमध्ये कोंबलंस?"
मी हसले. कशाला हसले!

२ ऑक्टो., दसरा
इथे कसली सुट्टी. संध्याकाळी आले तर लॅपटॉपवर फुलं, आणि दगड थेट देव्हाऱ्यात. तेल, वर शेंदूर. आई: "तांदळा तो, बिनमूर्तीचा देव, कोरडा ठेवतात का? डोळे तेवढे मिळाले नाहीत इथे."
तेल पार आत मुरलंय. निखिल (नवरा) म्हणे, टिश्यूने पूस. यांच्या घराण्यात सगळं पुसून टाकता येतं.

३ ऑक्टो.
मोरी-सान: सॉल्व्हंटमध्ये बुडवा, तेल निघेल, कुणाला कळणारही नाही.
नाही बुडवणार.

५ ऑक्टो., रवि.
बाई आल्या. दारातच सगळं सांगून टाकलं. देव्हाऱ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, हात लावला नाही. आई हात जोडून म्हणाल्या, "आम्ही पूजाच केली हो त्याची." मी इंग्रजीत सांगितलं.
बाई म्हणाल्या, "तुमच्या सरांनीही आदरानेच नेला होता. आमच्या डोंगरातून युरेनियम काढलं, तेव्हाही विचारलं नव्हतं कुणी."
असा नेता येणार नाही म्हणाल्या. घरच्या जाणत्यांना विचारून कळवते. जेवल्या नाहीत. स्टेशनपर्यंत सोडायला गेले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

९ ऑक्टो.
बाईंचा मेल नाही. मोरी-सान खूश: त्यांनी नेला नाही ना? मग मंगळवारी लॅबला आणा, कापून तपासू. कॉन्ट्रॅक्टचंही तेव्हाच बोलू.
आई उद्या निघणार. बॅग भरता भरता: "त्यांना नकोय, तुझे साहेब कापणार. मी नेते त्याला पुण्याला."
"आई, त्याला त्याची माणसं आहेत."
"मग सोडून का गेली?"
मी नको ते बोलले. सोडून नाही गेल्या, तुम्ही नेण्यासारखा ठेवला नाहीत, असं काहीतरी. आज देवापुढे दिवाच लावला नाही त्यांनी.
शेवटी मीच लावायला गेले. काडी पेटवली आणि तशीच उभी राहिले. त्या दगडासाठी लावायचा की आपल्या देवांसाठी, हे ठरायच्या आत काडी बोटापर्यंत जळत आली.