येतो की येते

आई, मी आता तुझ्याच शाळेत शिकवते. संस्थेनं बदली केली आणि फिरून फिरून नववीच्या त्याच वर्गावर येऊन पडले, जिथं मी पहिल्या बाकावर बसायचे आणि तू फळ्यापाशी उभी असायचीस. खिडकीतून अजून ऊस दिसतो, पूर्वीपेक्षा कमी. मुलं मला मॅडम म्हणतात. ‘बाई’ हा शब्द तुमच्या पिढीबरोबर निवृत्त झाला. मध्यंतरी शाळेत एक गोष्ट झाली. ती मी दोघातिघांना सांगून बघितली, पण कुणालाच ती सांगण्यासारखी वाटली नाही. नवरा म्हणाला, "एका कान्यासाठी एवढं?" तेव्हा म्हटलं तुला लिहावं. कान्यासाठी तू ताटावरून उठायचीस.

आधी एक सांगते. मला आजकाल फारसं काही वाटत नाही. वाईट वाटत नाही आणि चांगलंही वाटत नाही. गरम चहानं जीभ भाजली की दोन दिवस कशाची चव लागत नाही ना, तसं. माझे ते दोन दिवस फार लांबलेत. तू गेलीस तेव्हा मावशी सगळ्यांना सांगत होती, "रडू दे तिला, मोकळी हुईल." सगळे माझ्या तोंडाकडं बघत वाट बघत बसले. मी आलेल्या पावण्यांना चहा दिला, कपबशा विसळल्या, दुधाची उरलेली पिशवी फ्रीजमध्ये ठेवली. नंतर कधीतरी रडू येईल म्हणून मीही वाट बघितली. मग वह्या तपासायच्या राहिल्या होत्या, त्या घेऊन बसले.

तुझ्या दोन भाषा होत्या. घरात तू आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी बोलायचीस. ‘मी आलो’, ‘मी दळण टाकून येतो’, ‘मी मागनं जेवतो’. पुण्याकडचे पावणे हसायचे, कोल्हापूरच्या बायका गड्यांवानी बोलतात म्हणून. तू म्हणायचीस, "हसू दे की, त्यांचं काय जातंय." आणि तीच तू शाळेच्या फाटकातून आत पाय टाकलास की, ‘मी आले आहे, वह्या काढा.’ मला लहानपणी वाटायचं, त्या फाटकातच काहीतरी असणार. एकदा फाटकाच्या आत येऊन मी मुद्दाम ‘आई’ अशी हाक मारली. तू वळली नाहीस. ‘बाई’ म्हटल्यावर वळलीस, आणि म्हणालीस, "काय हवे आहे?" मला काहीच हवं नव्हतं. मी उगाच पाण्याच्या टाकीकडं गेले आणि तोंड धुतलं.

वह्या मात्र तू स्वयंपाकघरात तपासायचीस. एका हातानं खर्ड्याच्या मिरच्या परतायच्या, दुसऱ्या हाताला वही, पेन्सिल अंबाड्यात खोवलेली. मुलांच्या निबंधांना मिरचीचा वास यायचा. तू लाल पेन वापरत नव्हतीस. खटकलेल्या शब्दाखाली पेन्सिलचा एक ठिपका द्यायचीस, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ बोलावून एकच प्रश्न विचारायचीस, "हे कोण म्हणतं?" मुलगा म्हणाला, आमची आज्जी म्हणती, की शब्द राहिला, ठिपका खोडला. त्याला कुणाचं नाव सांगता आलं नाही की शब्द गेला. मी सातवीत ‘पहाट’ निबंधात सोनेरी किरणांचं एक लांबलचक वाक्य घातलं होतं. चांगलं वाक्य होतं. तू ठिपका दिलास. मी म्हटलं, गाईडमध्ये आहे. तू वर्गात म्हणालीस, "गाईडने पहाट पाहिली आहे का?" आणि घरी भाकरी थापताना परत म्हणालीस, "त्या गाईडला काय म्हाईत, आपल्याकडं पहाटंचं काय आसतं. शेणाचा वास आसतो." मला राग आला होता. मी त्या दिवशी ताकभात न खाता उठले. पहिली नोकरी लागली तेव्हा तू मला पेन्सिलींचं एक पाकीट दिलंस आणि म्हणालीस, "लाल पेन शाळा दील की."

आता ते गाईड बोलायला लागलंय, आई. एआय म्हणतात. मोबाईलमध्ये असतं. काहीही विचारा, लिहून देतं; निबंध, पत्र, धड्याचं टाचण, प्रश्नपत्रिका. हातकणंगल्याला आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणारे म्हणाले, शिक्षकांनी घाबरू नये. घाबरलं कुणीच नव्हतं, सगळ्यांचं लक्ष जेवणाकडं होतं. मी ते वापरते. खोटं कशाला बोलू, मला आवडतं. माझ्या वर्गात एका मुलीला वाचायला फार जड जातं. तिच्यासाठी मी त्याच्याकडून धडा सोपा करून घेते, मग स्वतः बसून वाचते, नको तिथं सोपा केला असेल तर परत अवघड करते, आणि तिच्या हातात देते. एकाच व्याकरणाचे चार वेगवेगळे स्वाध्याय ते चुटकीसरशी करून देतं. त्याला तू कामाला ठेवलं असतंस असं मला वाटतं. पण घराची किल्ली दिली नसतीस.

एकदा त्याच्याकडून म्हणी मागवल्या. त्यात एक आली, ‘भरल्या घागरीला सावली नसते’. वाचायला छान, अर्थ पण खाली छान लिहिलेला. मी अशी म्हण कधी ऐकली नव्हती, पण मी म्हणजे काय सगळं ऐकलंय असं नाही. मी मुलांना सांगितलं, घरी जाऊन विचारा, हे कोण म्हणतं. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग एका तोंडानं म्हणाला, कोणच न्हाय. गडमुडशिंगीच्या एका पोराचा आजा म्हणाला होता, "सावली नसंल तर घागर चोरीची आसंल." वर्ग हसला. त्या दिवसापासून माझ्या वर्गात तुझा नियम लागू आहे. आधी हातानं लिहायचं, मग त्याला दाखवायचं, आणि ते जे जे बदलेल त्याखाली पेन्सिलचा ठिपका द्यायचा. ‘हे कोण म्हणतं’ याचं उत्तर देता आलं तरच बदल घ्यायचा. पोरं पटाईत झालीत. शुद्धलेखनाच्या चुका मुकाट मान्य करतात, बाकीच्याला भांडतात. मला त्याचा आनंद व्हायला पाहिजे होता.

तर ती गोष्ट. एक मुलगी आहे, मागच्या बाकावरची, फारशी न बोलणारी. घरी म्हशी आहेत, सकाळची धार काढून शाळेला येते. तिची आई गेल्या वर्षी वारली. तिनं शाळेच्या वार्षिक अंकासाठी आईवर लिहिलं होतं, अर्धं पान. आईच्या छातीत दुखायला लागलं, बाप रिक्षा घेऊन आला, चुलीवर दूध होतं. आई रिक्षात बसताना म्हणाली, ‘मी येतो गं, दुधाकडं बघ.’ आणि शेवट असा होता: ‘दूध उतू गेलं न्हाय. आई आली न्हाय.’ मी ते वाचलं. त्याला कुठं ठिपका द्यायचा हे मला कळेना, म्हणून दिला नाही. तसंच पुढं पाठवलं.

अंकाचं काम संगणकाच्या सरांकडं आहे. चांगला पोरगा आहे, घाईत असतो. त्यानं सगळे लेख एकदम त्या एआयमधून काढले, शुद्धलेखन नीट व्हावं म्हणून. छपाईआधीचे कागद मुलांना बघायला दिले तेव्हा ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. कागद पुढं केला आणि म्हणाली, "मॅडम, ही माझी आई न्हाय." मी वाचलं. ‘मी येते गं, दुधाकडे लक्ष दे.’ आणि खाली, ‘दूध उतू गेले नाही, परंतु आई मात्र कधीच परत आली नाही.’ एकही चूक नव्हती. "माझी आई येतो म्हणाली," ती म्हणाली. "हे येते म्हणणारी कोण हाय? आमच्याकडं असं कोण म्हणत न्हाय." आवाज चढला नव्हता. मी काही बोलायच्या आत ती पुढं म्हणाली, "तसंच ठेवायचं आसंल तर छापू नका. मला न्हाय पायजे."

तुझा प्रश्न मी विचारला नव्हता, आणि तिनं उत्तर देऊन टाकलं होतं. तिच्याकडं आईचं तेवढं एक वाक्य आहे. त्यातला एक काना काढला की दुसरीच कुणीतरी बाई रिक्षात बसून निघून जाते. हे मला डोक्यानं कळलं, अगदी लख्ख कळलं. छातीत काही हललं नाही. मी कागद घेतला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले.

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, शाळेचा अंक हाय. बाहेरचे लोक वाचणार. आई असून येतो म्हणती म्हटल्यावर शाळेला व्याकरण येत न्हाय म्हणतील." मी म्हटलं, "सर, तुमच्या आई काय म्हणतात?" ते म्हणाले, "आमची आई घरात म्हणती की. घरातली गोष्ट येगळी." मी म्हटलं, "ही पण घरातच म्हणाली होती, सर. दारात." त्यांनी कागद परत वाचला, चष्मा वर करून. मग म्हणाले, कंसात ‘बोलीभाषा’ असं तरी लिहा. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुमच्या आईसारख्याच हट्टी हायसा बघा तुम्ही," आणि संगणकाच्या सरांना हाक मारली. तिचं अर्धं पान होतं तसं छापून आलं, ‘न्हाय’सकट. तिनं अंक दप्तरात ठेवला आणि घंटा झाल्यावर घरी गेली, म्हशी असतात ना.

इथं गोष्ट संपायला पाहिजे होती. पण त्या संध्याकाळी घरी येऊन मी भाकरी करायला घेतली आणि हात पिठात असताना तुझं शेवटचं वाक्य आठवलं. ऑपरेशनला आत नेताना तू मला म्हणालीस ते. इतकी वर्षं ते माझ्याजवळ आहे. तुझा अंबाडा सुटलेला, माझ्या हातात तुझ्या बांगड्या, आणि तू म्हणतेस, ‘मी येतो.’ निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे तूच शिकवलेलं. मी ते वाक्य कुणाला सांगितलं नाही, पण ते होतं. आणि त्या पोरीचा कागद वाचल्यापासून मला ते दोन्ही तऱ्हेनं ऐकू येतंय. तुझ्या बाजूला ती नर्स उभी होती, तुझीच विद्यार्थिनी. ती म्हणाली होती, "बाई, घाबरू नका." आई, तिनं तुला बाई म्हटलं होतं. म्हणजे तू फाटकाच्या आत होतीस. फाटकाच्या आत तू कधीच येतो म्हणाली नाहीस. मग तू ‘येते’ म्हणालीस का? येते म्हणाली असशील तर ते नर्सला असेल, डॉक्टरांना असेल, साऱ्या वर्गाला असेल. येतो म्हणाली असशील तरच ते मला. हे विचारायला कुणी उरलेलं नाही; त्या नर्सला एवढ्या वर्षांनी एक काना कुठला आठवायला. भाकरी करपली, आणि पहिल्यांदाच कशाचीतरी चव कडू लागली.

मग जे करू नका म्हणून पोरांना सांगते तेच मी केलं. हात धुतले आणि मोबाईल घेतला. त्याला सगळं नीट सांगितलं. फाटक, घर, नर्स, सगळं. विचारलं, माझी आई काय म्हणाली असेल? त्यानं फार समजूतदारपणे उत्तर दिलं. आधी माझं सांत्वन केलं. मग म्हणालं, दोन्ही शक्य आहे, पण दवाखान्याचं वातावरण औपचारिक असल्यामुळं ‘येते’ची शक्यता जास्त. पटण्यासारखं होतं. गाईडमधलं सोनेरी किरणांचं वाक्यही पटण्यासारखंच होतं. मी ते उत्तर पुसलं. पुसायच्या आधी दोनदा वाचलं, हेही सांगून टाकते.

हे पत्र मी पेन्सिलीनं लिहितेय, उरलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. टाकायला पेटी नाही आणि पत्ता नाही. घडी करून तुझ्या त्या पाकिटात ठेवीन, त्यात अजून पेन्सिली आहेत. आत्ता वरून एकदा वाचलं तर सगळं पत्र फाटकाच्या आतल्या भाषेत झालंय. शिकवते, वापरते, वाचते. घरात बसून लिहिलं तरी. सुधारत बसत नाही.

फक्त एका शब्दाखाली ठिपका दिलाय, तुझ्या वाक्यातल्या. मला आठवत नाही, आई. खरंच आठवत नाही. तरी मी तिथं ‘येतो’ असंच ठेवलंय. तू विचारशील, हे कोण म्हणतं?

मी म्हणतो.