सुभेदारांनी घासलेली चाळीस नाणी

मी, श्रीमती द्वारकाबाई मोहनराव बोराटे, वय वर्षे सत्तर, धंदा शेती, राहणार बोराटे वस्ती, भिगवण, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचे काय करायचे ते आज राहत्या घरी बसून लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना मला कोणी धमकावलेले नाही की फसवलेले नाही. ज्याला फसवायचे होते त्याचे आधीच फसवून झाले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मी सातवी शिकलेली आहे आणि अक्षर माझेच आहे. वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात एवढा राग बरा दिसत नाही. मी म्हटले, मग तो कुठे लिहायचा ते सांगा. 

कलम १. माझे यजमान मोहनराव हे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. एकाहत्तरच्या लढाईत ते होते. तीन वर्षांपूर्वी ते वारले. मला दोन अपत्ये. थोरली प्रगती, वडगाव निंबाळकरला दिलेली. धाकटा सुयोग, राहणार बारामती. त्याचा धंदा काय, हे मला आजवर नीट सांगता आलेले नाही. आधी विमा, मग प्लॉट, मग लष्कराच्या आठवणीची नाणी. सध्या तो लोकांना सल्ला देतो म्हणे.

कलम २. वस्तीलगतची दीड एकर पेरूची बाग माझ्या नावावर आहे. ती वडिलोपार्जित नाही. यजमान सीमेवर असताना मी भेंडी-गवार पिकवली, पाटी डोक्यावर घेऊन भिगवणच्या बाजारात विकली आणि त्या पैशातून हळूहळू घेतली. ही बाग, विहिरीतला हिस्सा, मोटार, पाइपलाइन आणि माझ्या नावावरचे राहते घर मी प्रगतीला देते. सुयोगचा त्यात बांधावरच्या दगडाइतकाही हक्क नाही. आईने मुलाला वाऱ्यावर सोडले असे भावकीत बोलले जाईल. बोलणाऱ्यांनी आधी पुढचे कलम वाचावे.

कलम ३. सुयोगला मी चाळीस नाणी देते, लाकडी पेट्या आणि प्रमाणपत्रांसकट. त्यांची हकीकत अशी. एका खासगी कंपनीने वेगवेगळ्या लढायांच्या स्मरणार्थ ही नाणी काढली होती. सुयोगने त्यांची एजन्सी घेतली. दहा वर्षांपूर्वी वडिलोपार्जित अडीच एकराची वाटणी निघाली तेव्हा त्याने बहिणीला सांगितले, "ताई, जमिनीत काय हाय? पाण्याची भांडणं. ही चांदी हाय, त्यात मिलिटरीची. गोळा करणारे लोक हुडकत येतील. धा वर्सात तिप्पट व्हतील." एजन्सीच्या लेटरहेडवर त्याने सहीनिशी लिहून दिले की चाळीस नाण्यांची आजची किंमत नऊ लाख, दहा वर्षांत तिप्पट. प्रगतीने भावावर विश्वास ठेवून हक्कसोडपत्रावर सही केली आणि तिच्या वाट्याला ही नाणी आली. अडीच एकर सुयोगच्या नावावर चढले. त्याने ते दोन वर्षांत विकले.

ती नाणी प्रगतीने मागच्या महिन्यात बक्षीसपत्राने मला दिली, म्हणून ती देण्याचा मला अधिकार आहे. सुयोगच्या स्वतःच्या लेखी हिशोबाने त्यांची किंमत आता सत्तावीस लाख झालेली असणार. म्हणजे त्याला भरपूर मिळाले. त्याचा हिशोब मी जसाच्या तसा मान्य करते. तो चुकीचा होता असे त्याला म्हणायचे असेल, तर ते त्याने कोर्टात उभे राहून म्हणावे.

कलम ४. नाणी खराब झाली, त्याला वडील जबाबदार, असे सुयोग चारचौघांत सांगतो. त्याबद्दल येथे लिहून ठेवते.

प्रगतीने नाणी आमच्याकडेच ठेवली होती. सुभेदारांनी ती ताब्यात घेतली ती पहाऱ्यावर उभे राहिल्यासारखी. लेकीचा हिस्सा आपल्याकडे आहे, तो नीट राहिला पाहिजे. ज्या माणसाने सगळी नोकरी पट्ट्याचे बक्कल आणि टोपीचा बिल्ला चमकवण्यात काढली, त्याची नीट ठेवण्याची रीत एकच. दर रविवारी आंघोळ झाली की वर्तमानपत्र पसरायचे, पितळ घासायच्या पॉलिशची डबी उघडायची आणि एकेक नाणे फडक्याने घासायचे. नाण्याला हात लावायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. विकणाऱ्यानेही नाही. तो दर दिवाळीला येऊन ती चमक बघून जायचा.

प्रगतीच्या मुलीला नर्सिंगला घालायची वेळ आली तेव्हा नाणी विकायचे ठरले. सुयोगने पुण्याहून चिंतामण नगरकर नावाचे नाण्यांचे व्यापारी आणले. आधी त्यांना भिगवणला नेऊन मासे खाऊ घातले आणि ते बिल सुभेदारांना द्यायला लावले. मग घरी आणले. व्यापाऱ्यांनी डोळ्याला भिंग लावले, चार-पाच नाणी पाहिली आणि खाली ठेवली. कडेला तांब्याचा लालपणा दिसत होता. ते काही बोलायच्या आत सुयोग वडिलांवर ओरडला, "आबा, माती केली तुमी. ताईचा हिस्सा घासून घासून संपवला."

 सुभेदारांनी हातातले फडके घडी करून पेटीवर ठेवले आणि आत जाऊन खाटेवर बसले. सुयोग गाडी वळवायला गेला. नगरकर ओसरीत चपला घालत होते. मी त्यांना विचारले की घासली नसती तर किती आले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "काही नाही, बाई. ही चांदी नाही, मुलामा आहे. मर्यादित म्हणायचे आणि एकेका नाण्याचे दहा-दहा हजार नग काढायचे. ज्यांना हवी असतात ते पहिल्याच वेळी कंपनीकडून घेतात, नंतर फक्त विकणारे उरतात. गोळा करणारे जुनी नाणी मागतात, नाहीतर सैनिकाची खरी पदकं. तुमच्या मुलाने गेल्या वर्षी माझ्याकडे सीलबंद पेट्या आणल्या होत्या. त्याही मी परत पाठवल्या. आज घरी जुनी नाणी आहेत म्हणून मला आणले."

म्हणजे सुयोगला आधीपासून माहीत होते. न उघडलेल्या नाण्यांनाही गिऱ्हाईक नाही हे वर्षभर माहीत असून तो त्या दिवशी वडिलांवर ओरडला, कारण नाहीतर बहिणीने त्याला जाब विचारला असता. मी त्याच संध्याकाळी यजमानांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "समजूत घालू नगंस. पोरगं बापाशी असं खोटं कशाला बोलंल?" मी पुन्हा सांगितले, शपथेवर सांगितले. त्यांनी माझ्यावर नाही, मुलावर विश्वास ठेवला. प्रगती आली की ते नजर चुकवून बागेत जायचे. ती म्हणायची, "आबा, राहू दे ना आता." ते तिच्याशी पेरूच्या भावाबद्दल बोलायचे. त्याच वर्षी पेरूची तोड चालू असताना ते गेले. लेकीचा हिस्सा आपण घालवला, असे समजून गेले. याचा मला सुयोगवर जो राग आहे तो माझ्याबरोबर जळणार नाही, म्हणून इथे ठेवला आहे.

कलम ५. यजमानांची लोखंडी पेटी, पट्टा, पॉलिशची डबी आणि ब्रश हे त्यांचे पलटणीतले सोबती बिरू देवकाते यांना द्यावेत. माजी सैनिकांच्या मेळाव्यात सुयोगने वडिलांच्या नावावर बिरूभाऊंच्या गळ्यातही तीन नाणी मारली होती. त्यांनी आमच्यापुढे कधी चकार शब्द काढला नाही. उलट मुलाने आपले नाव वापरले म्हणून सुभेदार माफी मागायला गेले तेव्हा बिरूभाऊच म्हणाले, "साहेब, नातवंडं खेळत्यात त्येच्याशी. वाया न्हाय गेली."

कलम ६. माझी बोरमाळ सूनबाई संजीवनीला द्यावी. तिच्या हातात द्यावी, नवऱ्याच्या नाही. ती गळ्यात घालून माहेरी गेली तरी माझी हरकत नाही. तिची मुले, माझी नातवंडे ओवी आणि स्वानंद यांच्या नावे पोस्टात जे आहे ते ती सज्ञान झाल्यावर त्यांनीच काढावे.

कलम ७. मला अग्नी प्रगतीने द्यावा. सुयोग आला तर त्याला अडवू नये, त्याला चहा द्यावा. तो रडू लागला तर त्याची समजूत काढायला कोणी बांधील नाही. नाण्यांच्या पेट्या त्याच दिवशी त्याच्या गाडीत ठेवाव्यात. विसरलो म्हणून तो ठेवून जाईल, तसे होऊ देऊ नये. नाणी पुन्हा पॉलिश करू नयेत, पुसूही नयेत. त्यांच्यावर सुभेदारांचा हात फिरलेला आहे, तो तसाच राहू द्यावा.

कलम ८. बिरूभाऊ या मृत्युपत्राचे साक्षीदार व्हायला तयार होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये असे वकीलसाहेब म्हणाले. म्हणून एक साक्षीदार शेजारच्या आहेत आणि दुसरे चिंतामण नगरकर. मी त्यांना फोन करून बोलावले. वयस्कर माणूस, तरी आज सकाळच्या गाडीने भिगवण स्टेशनवर उतरले. मी जे सांगते ते घरच्या माणसालाही पटले नव्हते. निदान कागदावर तरी ते बाहेरच्या माणसाच्या तोंडून यावे, एवढ्यासाठी त्यांना त्रास दिला.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, स्वतः मोठ्याने वाचून दाखवला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली. यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

ठिकाण: बोराटे वस्ती, भिगवण
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

सही: द्वारकाबाई मोहनराव बोराटे

साक्षीदार क्रमांक १: गोजरबाई रामभाऊ धवडे, राहणार बोराटे वस्ती, भिगवण. सही.

साक्षीदार क्रमांक २: चिंतामण वासुदेव नगरकर, नाण्यांचे व्यापारी, राहणार पुणे. सही.

साक्षीदार क्रमांक २ यांनी सहीखाली स्वतःच्या हाताने लिहिले ते असे:

कलम ४ मधले माझे बोलणे बरोबर उतरवले आहे. सीलबंद पेट्यांनाही गिऱ्हाईक नव्हते, आजही नाही. सुभेदारसाहेबांच्या घासण्याने कोणाचेही एका रुपयाचे नुकसान झालेले नाही. त्या दिवशी ते आत खाटेवर बसले होते आणि दार उघडे होते. मी थोडे मोठ्याने बोललो असतो तर त्यांना ऐकू गेले असते.